गावातील प्रश्न विज्ञानाच्या पद्धतीने कसा तपासावा

आपल्याकडे विदर्भात दर हंगामाबरोबर नवे दावे गावात येतात. कृषी केंद्राच्या फळीवर पऱ्हाटीला (कपाशीला) दुप्पट बोंडे धरवणारे टॉनिक दिसू लागते, एखाद्या विहिरीचे पाणी गुणाचे आहे अशी वार्ता पाच-सहा गावांत पसरते, मोबाइलवर आलेला संदेश पाहता पाहता ‘शास्त्रज्ञांनी सांगितले’ होऊन जातो, आणि मुली आठवीनंतर शाळा का सोडतात याचे उत्तर तर पारावर बसलेल्या प्रत्येकाजवळ आधीपासूनच तयार असते. यांतले काही दावे खरे असतात, काही अर्धे खरे असतात, काही निखालस खोटे असतात. कोणता दावा कोणत्या प्रकारातला, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळा किंवा मोठी पदवी दर वेळी लागत नाही. वही, वजनकाटा, मोजपट्टी, थोडा धीर आणि ‘आपण चुकत असू शकतो’ हे मान्य करण्याची तयारी एवढ्या सामग्रीवर शेतकरी गट, बचत गट, शाळेतील शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी पुष्कळ गोष्टींचा छडा लावू शकतात. ती पद्धत येथे शक्य तितक्या तपशिलाने सांगितली आहे.

आधी प्रश्न नीट मांडा

‘हे औषध चांगले आहे’ हे वाक्य तपासता येत नाही, कारण ते खोटे ठरण्याची कोणतीही वाट त्यात ठेवलेली नसते. ‘हे औषध अमुक प्रमाणात, पाते लागताना दोनदा फवारले, तर त्याच वावरातील न फवारलेल्या पऱ्हाटीपेक्षा एकरी किमान एक क्विंटल कापूस जास्त निघतो’ हे वाक्य मात्र तपासता येते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दावा याच स्वरूपात लिहावा आणि त्याच्याखाली, चाचणी सुरू होण्याआधीच, काय दिसले तर आम्ही हा दावा नाकारू तेही लिहून तारीख टाकावी. हे दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते, कारण निकाल हाती आल्यावर मन फार लवकर पळवाटा शोधू लागते: पाऊस उशिरा आला, माणूस नवीन होता, पुढच्या वर्षी नक्की होईल.

प्रश्न नीट मांडला म्हणजे काय साधते, याचे उत्तम उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातच घडले. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची जितकी कारणे सांगता येतील तितकी लोकांनी सांगितली. पाण्याचे नमुने घेतले गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले. लाल रंगद्रव्य असलेल्या एका शैवालामुळे असे झाले असावे, हा तेथील शास्त्रज्ञांचा पहिला अंदाज होता. परंतु तपासणीत तो टिकला नाही आणि अतिखारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया या गटातील सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, तसे हे जीव वाढले. याच तपासणीतील एक साधे निरीक्षण शाळेतल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे: पाणी न हलवता स्थिर ठेवले की गुलाबी अंश तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो पाण्यातील जिवांचा होता. ‘सरोवर गुलाबी का झाले’ या अवजड प्रश्नाऐवजी ‘रंग पाण्याचा आहे की पाण्यात तरंगणाऱ्या कशाचा’ असा छोटा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर डोळ्यांना दिसू लागते. आणि पहिला अंदाज चुकला म्हणून संशोधकांची पत गेली नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

चार रकाने आखा

आपली फसगत होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे एक गोष्ट दुसरीनंतर घडली, की ती पहिलीमुळेच घडली असे आपण धरून चालतो. यावरचा उपाय सोपा आहे. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: उपाय केला आणि गुण आला, उपाय केला आणि गुण आला नाही, उपाय केला नाही तरी गुण आला, उपाय केला नाही आणि गुणही आला नाही. गावाच्या आठवणीत बहुधा पहिलाच रकाना भरलेला असतो. उरलेले तीन कोणी लिहून ठेवत नाही.

सर्पदंश घ्या. खरिपात निंदणीला, कापणीला, रात्रीच्या ओलिताला गेलेल्या माणसाला साप चावणे आपल्याकडे नित्याचे आहे. आपल्या भागात आढळणारे बहुतांश साप बिनविषारी असतात. माणसांच्या जिवावर प्रामुख्याने बेततात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, आणि हेदेखील प्रत्येक चाव्यात पुरेसे विष सोडतातच असे नाही. याचा अर्थ असा, की मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळ जण काहीही केले नसते तरी वाचलेच असते. त्यांचे वाचणे पहिल्या रकान्यात जमा होते आणि मांत्रिकाची कीर्ती वाढते. जो दगावला त्याच्याविषयी ‘आणायला उशीर झाला’ असे म्हटले जाते आणि दुसरा रकाना कोराच राहतो. तिसऱ्या रकान्यातील, म्हणजे साप चावूनही कोठेच न गेलेल्या आणि धडधाकट राहिलेल्या माणसांची तर कोणी गणतीच करत नाही. चारही रकाने प्रामाणिकपणे भरले, की मंत्राचा गुण म्हणून जे दिसत होते तो बिनविषारी सापांचा हिशेब होता हे कळून येते.

येथे एक मर्यादा घालून घ्यावी लागते आणि ती मी कोणत्याही अटीशिवाय सांगतो. ज्या ठिकाणी जीव जाऊ शकतो तेथे गावाने चाचणी करायची नसते. विषारी सापाच्या विषावर प्रतिसर्पविष हेच औषध आहे आणि ते दवाखान्यातच मिळते. माणसाला चालायला न लावता, चावलेला अवयव न हलवता, घट्ट न आवळता आणि जखमेवर काप न घेता तातडीने तेथे पोहोचवणे एवढेच आपले काम. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या बाईवर करणी केल्याचा आळ घेतला जातो, तेव्हाही तो आळ ‘तपासून पाहू’ म्हणून गाव गोळा करणे हाच तिच्यावरचा अत्याचार असतो. तेथे तपासणी नव्हे, पोलीस ठाणे गाठावे.

वावरातील चाचणी

हात बसण्यासाठी सुरुवात सोयाबीनच्या उगवण चाचणीपासून करावी. घरच्या बियाण्याच्या एकाच पोत्याच्या तोंडाजवळचे दाणे न घेता सर्व पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे बी काढून एकत्र करावे आणि त्यांतून डोळे झाकून 100 दाणे घ्यावेत. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब आलेले दाणे मोजावेत. 70 किंवा त्याहून अधिक उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते, मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा पोती आदळली तरी आतला अंकुर दुखावतो, आणि दाणा वरून मात्र चांगलाच दिसतो. म्हणून नुसते पाहून भागत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 70 टक्क्यांच्या आसपास उगवणाऱ्या बियाण्यात 100 दाण्यांच्या चाचणीत चार-पाच दाण्यांचा फरक निव्वळ योगायोगाने पडतो. शेजाऱ्याचे 72 आणि आपले 68 आले म्हणून त्याचे बियाणे सरस ठरत नाही. चार वेळा 100 दाणे घेतले तर आकडा बराच भरवशाचा होतो, आणि बीज परीक्षण प्रयोगशाळाही याच कारणाने 400 दाणे तपासतात.

यानंतर टॉनिककडे वळावे. बहुतेक शेतकरी अर्ध्या वावरात औषध मारतात, अर्धे तसेच ठेवतात आणि डोळ्यांनी तुलना करतात. या पद्धतीत दोष हा, की वावराचे दोन भाग मुळातच सारखे नसतात. एकीकडे उतार असतो, दुसरीकडे गेल्या वर्षी शेणखताचा ढीग पडलेला असतो, नाल्याकाठची जमीन ओल धरून ठेवते, धुऱ्याजवळची पऱ्हाटी सावलीत राहते. मग दिसलेला फरक औषधाचा की जमिनीचा, हे सांगता येत नाही.

म्हणून वावराचे आठ सारखे पट्टे करावेत. एकच वाण, एकच लागवडीची तारीख, खत आणि डवरणी सगळीकडे सारखीच असावी. दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन-दोन तास (पिकाच्या ओळी) मोकळे सोडावेत, म्हणजे फवारा उडून शेजारच्या पट्ट्यावर गेला तरी मोजणीत गोंधळ होत नाही. कोणत्या चार पट्ट्यांना टॉनिक द्यायचे हे आपण ठरवू नये. आठ चिठ्ठ्या करून एखाद्या लहान मुलाच्या हातून चार उचलून घ्याव्यात. आपण निवडायला गेलो तर नकळत चांगली पऱ्हाटीच निवडतो, आणि विक्रेता निवडायला आला तर तो जाणूनबुजून निवडतो. उरलेल्या चार पट्ट्यांवर त्याच पंपाने, त्याच दिवशी, तितकेच साधे पाणी फवारावे, कारण पानांवर पाणी पडण्याचाही काही परिणाम असू शकतो आणि तो टॉनिकच्या खात्यावर जमा होता कामा नये. पट्ट्यांना फक्त क्रमांक द्यावेत. कोणत्या क्रमांकावर काय मारले याची नोंद एकाच माणसाजवळ बंद पाकिटात राहावी आणि बोंडे मोजणाऱ्यांना ती कळू नये. मोजणारा अप्रामाणिक असतो असे नव्हे. ज्याची आस धरलेली असते ते डोळ्यांना आपोआप जास्त दिसते, आणि यातून शहाणी माणसेही सुटलेली नाहीत.

मोजणीसाठी प्रत्येक पट्ट्यात कडेचे तास वगळून आतल्या तासांतील दर पंधरावे झाड धरावे, अशी दहा झाडे निवडावीत आणि त्यांना रंगीत दोरी बांधावी. झाड खुरटे असले तरी पुढचे घेऊ नये. या झाडांची बोंडे ठरावीक दिवशी मोजावीत. खरा निकाल मात्र कापसाच्या वजनावर ठरतो. सीतादही (वेचणीआधीची कपाशीची पूजा) होऊन पहिला वेचा सुरू झाला, की प्रत्येक पट्ट्याचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधावा, गाठोड्यावर पट्ट्याचा क्रमांक घालावा आणि त्याच दिवशी वजन लिहावे. वेचणाऱ्या बायांना हे सर्व आधी समजावून सांगावे लागते, कारण दोन पट्ट्यांचा कापूस एकदा एकत्र झाला की चार महिन्यांची मेहनत त्या क्षणी संपते. त्यांनाच वही सांभाळायला दिली तर काम अधिक काटेकोर होते, असा माझा अनुभव आहे.

शेवटच्या वेच्यानंतर पाकीट उघडावे आणि आठही वजने एका ओळीत लिहावीत. प्रथम साध्या पाण्याच्या चार पट्ट्यांमध्येच आपसांत किती फरक आहे ते पाहावे. एकच काम केलेले पट्टे एकमेकांपासून जेवढे दूर आहेत, तेवढाच फरक टॉनिक आणि पाणी यांच्यात दिसत असेल तर त्याला काही अर्थ नाही. टॉनिकचे चारही पट्टे पाण्याच्या चारही पट्ट्यांहून वरचढ ठरले तर मात्र ती विचार करण्यासारखी गोष्ट आहे: आठ पट्ट्यांतून चार निवडण्याचे 70 प्रकार होतात, त्यामुळे औषधात काहीच गुण नसताना केवळ चिठ्ठीच्या योगायोगाने असे घडण्याची शक्यता 70 मध्ये एक एवढीच उरते. यानंतर खर्चाचा हिशेब करावा. बाटलीची किंमत आणि फवारणीची मजुरी वजा जाता काही उरत नसेल, तर औषधाला गुण असूनही ते आपल्या उपयोगाचे नाही. आणि एका वर्षाच्या निकालावर दहा एकर पणाला लावू नये. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या वावरात तीच चाचणी पुन्हा करावी.

मोजून निर्णय घेण्याची सवय किती मोलाची आहे, हे 2017 च्या हंगामाने आपल्याला दाखवले. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी विदर्भातील कापूस पोखरला आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना अनेक कारणे होती आणि मोजणीने ती सर्व टळली असती असे म्हणता येणार नाही. परंतु शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारणे आणि कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या) लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यामागे सरासरी आठ पतंग दिसले, किंवा दहा फुला-बोंडांमागे एक किडलेले सापडले, म्हणून फवारणे यात फार मोठे अंतर आहे. दुसऱ्या पद्धतीत निदान विनाकारण होणारी एखादी फवारणी टळते आणि विषाचा पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या जिवाला तेवढा धोका कमी होतो.

माणसांविषयीचे प्रश्न

विज्ञान पिकांना आणि पाण्याला लागू पडते, माणसांच्या वागण्याला नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक तरी आजार आढळला, आणि तपासलेल्या सर्व स्त्रियांपैकी जेमतेम आठ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. हा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे दुखणे अर्थातच घराघरांत आधीपासून होते; ते कोणी विचारले नव्हते, म्हणून कोणत्याही दप्तरात नव्हते. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंविषयीही त्यांनी तुलनेची हीच शिस्त पाळली. 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, तुलनेच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे 60 नवजात बालके दगावत होती, तर काळजी घेतलेल्या गावांत सुमारे 25. तुलनेची गावे नसती तर ‘मृत्यू तसेही कमी होतच होते’ असे कोणीही म्हणू शकले असते.

ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा दाईंसाठी तेथे तयार केलेले श्वासमापक पाहण्यासारखे आहे. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असतात. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवण्याची वेळ आली तर न्यूमोनिया समजायचा. एवढ्यात मोजमापाची सारी शिस्त बसवलेली आहे.

आता आपल्या गावातील प्रश्न घ्या. मुली आठवीनंतर शाळा सोडतात, कारण आईबापांनाच शिकवायचे नसते, असे सरसकट म्हटले जाते. हे तपासायचे असेल तर पहिले पाऊल म्हणजे संपूर्ण यादी करणे. गेल्या पाच वर्षांत गावच्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलींची नावे शाळेच्या हजेरीपटावरून घ्यावीत. जी भेटली तिलाच विचारले, तर कामासाठी स्थलांतर केलेली आणि लग्न होऊन गेलेली मुलगी यादीतून निसटते आणि नेमके तिचेच उत्तर हवे असते. दुसरे, शाळा सोडलेल्या मुलींइतक्याच काळजीने शाळा चालू ठेवलेल्या मुलींकडेही जावे. सोडणाऱ्यांच्या घरी गरिबी आहे असे आढळले आणि चालू ठेवणाऱ्यांच्या घरीही तितकीच गरिबी आढळली, तर गरिबी हे पूर्ण उत्तर नव्हे. कदाचित फरक असा निघेल, की ज्या टोल्यावर (वस्तीवर) मानव विकास कार्यक्रमाची, मुलींना शाळेत नेणारी निळी बस थांबते तेथील मुली शिकत आहेत आणि जेथून फाट्यापर्यंत दोन किलोमीटर पायी जावे लागते तेथील मुली थांबल्या आहेत. निघेलच असे नाही. परंतु दोन्ही गटांना विचारल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे. मुलींशी बाईनेच बोलावे आणि घरातील कर्ता माणूस समोर नसताना बोलावे. ‘बस नसल्यामुळेच शाळा सोडली ना?’ असे उत्तर पुरवणारे प्रश्न विचारू नयेत; ‘शाळेत जाणे थांबले त्या महिन्यात घरी काय चालले होते?’ असे विचारून थांबावे आणि तिला बोलू द्यावे. सवयीविषयी विचारण्यापेक्षा कालच्या दिवसाविषयी विचारावे, कारण ‘पाणी भरायला किती वेळ लागतो?’ याचे उत्तर अंदाजाने येते आणि ‘काल पाणी भरायला केव्हा गेलीस, केव्हा परत आलीस?’ याचे उत्तर आठवून येते. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा. कोणाच्या घरातील गोष्ट चव्हाट्यावर आली तर तो त्या घराचा विश्वासघात होतोच, शिवाय पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

जे आपल्या हाताबाहेर आहे ते प्रयोगशाळेकडे

पाण्यातील फ्लोराइड चवीने किंवा रंगाने ओळखता येत नाही. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागांत मुलांच्या दातांवर पडणारे पिवळे-तपकिरी डाग ही त्याची खूण असते, पण डाग दिसेपर्यंत वर्षे गेलेली असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटल्यामुळे उलट त्याचे प्रमाण वाढते. प्रत्येक हातपंपाचा नमुना स्वतंत्र बाटलीत, पंप काही वेळ चालवून झाल्यावर, ठिकाण आणि तारीख लिहून पाठवावा, कारण शंभर पावलांवरच्या दोन बोअरचे पाणीही वेगळे निघते.

निकाल ग्रामसभेत मांडताना

आकडे जसे आले तसे मांडावेत, आपल्या मताच्या विरुद्ध गेलेले आधी. किती जणांना विचारले, किती जण भेटले नाहीत, कोणत्या पट्ट्यात रानडुकरे शिरली, हे सर्व सांगावे. असे सांगितल्याने निकाल कमजोर होत नाही, ऐकणाऱ्याला तो किती धरायचा हे ठरवता येते. जे सिद्ध झाले आणि जे करावे असे आपल्याला वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. बस थांबते तेथील मुली जास्त शिकतात, हे मोजणीने सांगता येते. ग्रामपंचायतीच्या निधीतून आधी फाट्यापर्यंतचा रस्ता करावा की पाण्याची टाकी बांधावी, हे कोणतीही मोजणी सांगत नाही. ते गावाने बसून, सर्वांचे ऐकून ठरवायचे असते. मोजणी एवढेच करते, की ते ठरवताना कोणाला मनचे आकडे पुढे करता येत नाहीत.

वहीची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी. ज्याला निकाल पटला नाही त्याला ती वही देऊन तीच मोजणी पुन्हा करायला सांगावे, आणि त्याचा आकडा वेगळा आला तर दोघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजावे.